विश्लेषण : लग्नाच्या चौकटीबाहेरची ११ वर्षं, मस्तानी आणि बाजीरावांचं नातं कशावर टिकलं?

पुण्यात मस्तानी हे नाव रोज घेतलं जातं. बहुतेक वेळा ते घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा असलेल्या ग्लासासाठी असतं. ज्या बाईवरून हे नाव आलं असं पुणेकर मानतात, तिची गोष्ट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीतून घरोघरी पोहोचली आणि २०१५ च्या हिंदी सिनेमानंतर देशभर गेली. शेवट सगळ्यांना पाठ आहे. मधली वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही.

ही मधली वर्षं थोडीथोडकी नाहीत. १७२९ मध्ये बाजीराव बुंदेलखंडात गेले आणि १७४० मध्ये नर्मदेच्या काठी वारले. म्हणजे सुमारे ११ वर्षं. या काळात घरच्यांनी हे नातं मान्य केलं नाही, पुण्याच्या ब्रह्मवृंदानंही केलं नाही. तरीही ते टिकलं. कसं, हेच समजून घेऊ.

मस्तानी कोण होती?

बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल जवळपास ८० वर्षांचा असताना मोगल सरदार महंमदखान बंगशनं त्याच्या राज्यावर चाल केली. छत्रसालनं बाजीरावांकडे मदत मागितली. १७२९ च्या मार्चमध्ये मराठी फौज तिथे पोहोचली आणि जैतपूरला बंगशचीच कोंडी झाली. बाजीराव तेव्हा २८ वर्षांचे होते.

या मदतीची परतफेड म्हणून छत्रसालनं बाजीरावांना आपला मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. मस्तानी पुण्यात आली ती याच संबंधातून. ती छत्रसालची मुस्लिम पत्नीपासून झालेली मुलगी होती, असं एक परंपरा सांगते. दुसरी परंपरा तिला दरबारातली नर्तकी म्हणते. छत्रसाल स्वतः प्राणनाथांचा शिष्य होता. कृष्णभक्ती आणि कुराण या दोन्हींचा आदर करणारा हा प्रणामी पंथ. मस्तानीला नमाज आणि कृष्णभजन दोन्ही जवळचं होतं, असं सांगितलं जातं, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

हे लग्न होतं का?

बुंदेलखंडात होतं, असं तिकडची परंपरा मानते. पुण्यात नव्हतं. बाजीरावांचं लग्न चासच्या जोशी घराण्यातल्या काशीबाईंशी आधीच झालं होतं. त्या काळी पुरुषानं दुसरी बायको करणं नवं नव्हतं. अडचण धर्माची आणि जातीची होती. चित्पावन ब्राह्मण पेशव्याच्या घरात मुस्लिम आईची मुलगी सून म्हणून येणं पुण्याला मंजूर नव्हतं.

त्यामुळे मस्तानीचं स्थान कायम अधांतरी राहिलं. ती रखेल नव्हती आणि घरातली मान्य सूनही नव्हती. आपल्या रोजच्या बोलण्यातही हा फरक उरला आहे. आपण काशीबाई म्हणतो, राधाबाई म्हणतो, गोपिकाबाई म्हणतो. मस्तानीच्या पुढे बहुतेक वेळा बाई लागत नाही.

पुण्यात ती कुठे राहायची?

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला बाजीरावांचा थोरला मुलगा नानासाहेब याचं गोपिकाबाईंशी लग्न झालं. नवरा मुलगा नऊ वर्षांचा. या लग्नाच्या संदर्भातच मस्तानीचं नाव पेशव्यांच्या विश्वसनीय कागदांत पहिल्यांदा येतं, असं रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी नोंदवलं आहे. म्हणजे वाडा, सुनेचं आगमन आणि मस्तानी, तिन्ही एकाच वेळी या घरात आले.

२२ जानेवारी १७३२ रोजी वाड्याची वास्तुशांत झाली. वाड्याच्या आवारात मस्तानीसाठी वेगळा महाल होता आणि बाहेर उघडणारा वेगळा दरवाजाही होता. मस्तानी दरवाजा म्हणून तो आजही दाखवला जातो. पुढे त्याला मस्तानीच्या नातवाच्या नावानं अलिबहादूर दरवाजा असंही म्हणू लागले.

ही सोय नीट पाहिली की घरातली परिस्थिती कळते. एकाच तटबंदीच्या आत राहायचं, पण ये-जा वेगळ्या वाटेनं करायची. देवघर, स्वयंपाकघर, सणवार यांत सहभाग नाही. वाड्यातला ताण वाढल्यावर बाजीरावांनी कोथरूडला तिच्यासाठी वेगळा महाल आणि बाग केली. तेव्हाचं कोथरूड म्हणजे गावाबाहेरचं खेडं. आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचं मंदिर आहे, त्या परिसरात ही जागा होती.

नातं टिकवण्यासाठी दोघांनी काय केलं?

प्रेमपत्रं उरलेली नाहीत. उरल्या आहेत त्या व्यवस्था. त्यांवरून चार गोष्टी दिसतात.

१. एकत्र वेळ. बाजीरावांचं बहुतेक आयुष्य घोड्यावर गेलं. मस्तानी घोडेस्वारीत आणि शस्त्रांत तरबेज होती आणि मोहिमांवर त्यांच्यासोबत जायची, असं सरदेसाईंसह अनेक इतिहासकार सांगतात. छावणीत वेगळा दरवाजा नसतो. पुण्याबाहेर या दोघांना जास्त मोकळं राहता आलं असणार.

२. स्वतःचं घर. आधी वाड्यातला महाल, मग कोथरूड. घरच्यांचं मन वळत नाही म्हटल्यावर बाजीरावांनी जागा बदलली, नातं सोडलं नाही.

३. स्वतःचं उत्पन्न. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला इनाम दिली होती. पेशव्याची मर्जी फिरली किंवा पेशवाच राहिला नाही, तरी तिच्याकडे पोटापाण्याचं साधन असेल, एवढा विचार यात आहे.

४. मुलाचं नाव. १७३४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव कृष्णराव ठेवलं. तो ब्राह्मण म्हणून वाढावा, त्याची मुंज व्हावी, अशी बाजीरावांची इच्छा होती. पुरोहितांनी नकार दिला. सत्ता हाती असलेला पेशवा इथे हरला. पुढे हा मुलगा समशेर बहादूर या नावानं ओळखला गेला.

घराचा विरोध नेमका कशाला होता?

मस्तानीच्या सहवासामुळे बाजीराव मद्य आणि मांस घेतात, असा आक्षेप होता. घरातलं धर्मकार्य अडेल ही भीती त्याहून मोठी होती. १७४० च्या सुरुवातीला धाकट्या रघुनाथरावाची मुंज आणि चिमाजी अप्पांचा मुलगा सदाशिवराव याचं लग्न ठरलं होतं. बाजीराव हजर असतील तर आम्ही येणार नाही, असा पवित्रा ब्राह्मणांनी घेतला. विरोधात पुढे होते भाऊ चिमाजी अप्पा आणि मुलगा नानासाहेब. चिमाजी हे काही ऐऱ्यागैऱ्याचं नाव नव्हे. याच भावानं १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली होती आणि थोरल्या भावावर त्याचा जीव होता. आपण भावाला वाचवतोय, अशीच त्याची समजूत होती.

काशीबाईंचं काय? त्यांना विसरून ही गोष्ट पूर्ण होत नाही. दुखणाईत शरीर, सतत मोहिमेवर असलेला नवरा आणि गावभर चर्चा. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ही ११ वर्षं वेगळीच दिसतात. तरीही मस्तानीविरुद्धच्या हालचालींत त्या पुढे असल्याचं दिसत नाही. नंतर त्यांनी जे केलं, ते पुढे येईलच.

१७३९-४० च्या हिवाळ्यात काय घडलं?

या नात्याची सगळ्यात कठीण परीक्षा शेवटच्या सहा महिन्यांत झाली. घटनाक्रम असा :

• १७३९ च्या अखेरीस पुण्यात मस्तानीवर पहारा बसवला गेला. वैतागलेले बाजीराव शहर सोडून पाटसला गेले.

• नोव्हेंबरमध्ये मस्तानी पहाऱ्यातून निसटली आणि पाटसला त्यांच्याकडे पोहोचली. चिमाजींनी मागोमाग माणसं पाठवली. समजावणी झाली आणि तिला पुण्याला परत यावं लागलं.

• बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावर मोहिमेला गेले. जानेवारी १७४० मध्ये, ते दूर असताना, मस्तानीला पर्वतीच्या बागेत कैदेत ठेवलं गेलं.

• हे प्रकरण साताऱ्याला छत्रपती शाहूंपर्यंत गेलं. बाईला सोडा, बाजीरावांचं मन दुखवू नका, अशा अर्थाचा त्यांचा सल्ला चिटणीसांमार्फत आला. घरच्यांनी तो मानला नाही.

• फेब्रुवारीच्या अखेरीस नासिरजंगाशी मुंगी-शेवगावला तह झाला. बाजीराव पुण्याकडे वळले नाहीत, उत्तरेला खरगोणकडे गेले.

• २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला तापानं त्यांचा मृत्यू झाला. वय ३९. शेवटी जवळ होत्या काशीबाई आणि मुलगा जनार्दन. मस्तानी तिथे नव्हती.

या क्रमात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. महाल, बाग, गावं सगळं असूनही मस्तानीची सुरक्षितता एका माणसाच्या हजेरीवर अवलंबून होती. बाजीराव पुण्यात असले की ती पेशव्याची माणूस, ते मोहिमेवर गेले की ती कैदी. सात-आठ वर्षं बाजीरावांनी जागा, पैसा आणि वेळ उभा केला, पण आपल्यामागे तिची बाजू घेईल असा एकही माणूस घरात तयार झाला नाही. शाहू महाराजांचा शब्दही वाड्याच्या आत चालला नाही.

मस्तानीचा मृत्यू कसा झाला?

बाजीरावांच्या पाठोपाठ, १७४० मध्येच. तिनं अंगठीतला हिरा गिळला, विष घेतलं, सती गेली, अशा कथा आहेत. समकालीन कागद यातल्या एकाही कथेला दुजोरा देत नाहीत. तिची कबर पाबळला आहे, तिच्या इनामाच्या गावात. पुण्यापासून साधारण ६० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात.

मुलाचं काय झालं?

समशेर बहादूर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला वाड्याबाहेर काढलं गेलं नाही. काशीबाईंनी त्याचा सांभाळ केला. ज्या नानासाहेबानं त्याच्या आईला कैद केलं, त्याच्याच कारकिर्दीत त्याला लष्करी शिक्षण मिळालं आणि सरदारकीही. १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला, जखमी झाला आणि जाट राजा सूरजमलच्या मुलखात वारला. वय २७.

त्याचा मुलगा अलिबहादूर पुढे आजीच्या मुलखात, बुंदेलखंडात गेला आणि बांद्याची नवाबी त्याच्यापासून सुरू झाली. याच घराण्यातला दुसरा अलिबहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. मुंज नाकारलेल्या मुलाचा वंश असा पेशव्यांच्या इतिहासात शेवटपर्यंत राहिला.

आज असं नातं असेल तर कायदा काय सांगतो?

आजची तुलना तंतोतंत होणार नाही, पण प्रश्न तेच आहेत : घर कुणाचं, पैसा कुणाचा, मुलांचं काय?

• वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करता येतं. त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे.

• लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. नातं विवाहासारखं असावं लागतं.

• जोडीदार आधीच विवाहित आहे हे माहीत असताना ठेवलेलं नातं या व्याख्येत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या एका निकालात म्हटलं. म्हणजे या मुद्द्यावर मस्तानी आजही अडली असती.

• दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्या जोडप्याला विवाहित गृहीत धरून त्यांच्या मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दिला.

• लिव्ह-इनमधला जोडीदार आपोआप वारस ठरत नाही. मृत्युपत्र, घरावर दोघांची नावं आणि बँकेतलं नामांकन या गोष्टी वेळेत कराव्या लागतात.

इनामाची सनद हे त्या काळातलं असंच कागदी काम होतं. बाजीरावांनी तेवढं केलं होतं.

पुण्यात आज काय पाहता येतं?

शनिवारवाड्यातला मस्तानी महाल उरलेला नाही. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. दरवाजा मात्र आहे. कोथरूडच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी जपले. बाजीराव रस्त्यालगतच्या राजा केळकर संग्रहालयात ते मस्तानी महाल म्हणून पुन्हा उभे केले आहेत. आणि पर्वतीवर फिरायला जाणार असाल, तर बाजीरावांच्या शेवटच्या मोहिमेच्या वेळी मस्तानीची कैद याच टेकडीच्या परिसरातल्या बागेत होती, एवढं लक्षात असू द्या.