आमच्या किल्ल्यातले चिमाजी आप्पा

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर ओळखपाळख चालली होती. गाव विचारलं तेव्हा मी पाचूबंदर सांगितलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग वसईचा किल्ला म्हटल्यावर दोघीतिघींना एकदम आठवलं, कारण कोल्डप्लेच्या गाण्यात तो किल्ला दिसतो! माझी रूममेट मात्र पुण्याची. ती म्हणाली, म्हणजे चिमाजी आप्पांचा किल्ला. आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, की तिथे त्यांचा पुतळा आहे ना, तुम्हा ख्रिश्चन लोकांना तो चालतो का?

मला उत्तर आलं नाही. चालतो म्हणावं तर कधी विचारच केला नव्हता, आणि नाही म्हणावं तर तसंही काही नव्हतं. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, सबमिशनसारखंच दोन वर्षं उशिरा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला.

मित्रांनो, पुतळा सहसा माणसाच्या स्वतःच्या गावात असतो. गाव त्याला आपला म्हणतं, बाहेरचे काहीही म्हणोत. कधी कधी गावच उलटतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा एडवर्ड कोल्स्टन गुलामांच्या व्यापारात श्रीमंत झाला आणि त्याने आपल्या जन्मगावाला भरपूर देणग्या दिल्या. तिथे १८९५ पासून उभा असलेला त्याचा पुतळा २०२० साली लोकांनी खाली ओढून बंदरात फेकला. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे पणजीतला आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा. तो आता जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये आहे. आमच्याकडची केस वेगळी आहे. चिमाजी आप्पा वसईचे नव्हतेच. त्यांचं घराणं श्रीवर्धनच्या भटांचं, संसार पुण्यात आणि बहुतेक आयुष्य घोड्यावर. वसईशी त्यांचा खरा संबंध १७३९ सालच्या तीन महिन्यांचा. पण त्या तीन महिन्यांनी आमच्या गावाचं सगळंच बदललं.

त्यांचा जन्म साधारण १७०७ सालचा. वडील बाळाजी विश्वनाथ, आई राधाबाई. मोठा भाऊ म्हणजे पहिले बाजीराव. १७२० मध्ये वडील वारले आणि शाहू महाराजांनी वीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवेपद दिलं. (वीस वर्षं म्हणजे माझं वय. माझ्याकडे अजून एम-थ्रीची एटीकेटी आहे.) तेव्हापासून धाकट्या भावाचं काम ठरून गेलं. बाजीराव उत्तरेत दौडत असायचे आणि मागचं सगळं चिमाजी आप्पांनी बघायचं. साताऱ्याचा दरबार, पैशांची जुळवाजुळव, कर्जं, घरची मुलंबाळं, सगळंच. पुढे निजामाला भोपाळला कोंडलं तेव्हाही आप्पा कुठे होते, तर तापीकाठी, निजामाच्या मुलाची कुमक अडवून. ज्या कामाला टाळ्या मिळत नाहीत ते काम. सिनेमामुळे आज सगळ्यांना ते बाजीरावांचे भाऊ म्हणूनच माहीत आहेत, त्यात नवल नाही.

पण ते नुसते कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातेवाईक दया बहादूर या दोघांनाही पाडलं. माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं ते इथे. १९ एप्रिल १७३६ ला रेवसजवळ त्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी सातला मारलं. आणि हे सगळं तब्येत साथ देत नसताना. छातीचं दुखणं त्यांना शेवटपर्यंत पुरलं. पहिली बायको रखमाबाई १७३० मध्ये गेली, तेव्हा मुलगा सदाशिव अगदी तान्हा होता. पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.

आता वसई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली ती २०५ वर्षं त्यांच्याकडे राहिली. शाळेत असताना सिस्टर आम्हाला किल्ल्यात न्यायच्या आणि संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगायच्या. वसईत जन्मलेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर चढवलेला आमचा संत. ती गोष्ट मला अजूनही प्रिय आहे. पण त्याच राज्यात हिंदूंना उघडपणे सण करायची चोरी होती, देवळं पाडली गेली होती आणि १५६० ला गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा हात आमच्या बाजूलाही पोचत होता, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. या जाचाला कंटाळूनच अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इकडची मंडळी पेशव्यांकडे गेली. म्हणजे आप्पा आपणहून चालून आले असं नाही, त्यांना बोलावणं होतं.

मार्च १७३७ मध्ये ठाणं पडलं, अर्नाळाही मिळाला, पण वसई हाती लागेना. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीची वाट एकच, तीही बुरुजांच्या तोफांखाली. तेव्हा १७३८ च्या शेवटी आप्पा स्वतः उतरले. जानेवारीत केळवे-माहीम आणि तारापूर घेतलं. तारापूरच्या भिंतीवर बाजी भिवराव पडले. ते पेशव्यांच्या घरातल्यासारखेच होते. खाडीपलीकडची धारावीही घेतली (मुंबईची नव्हे, भाईंदर-उत्तनची). समुद्रातून मानाजी आंग्र्यांनी वाट बंद केली, जमिनीवर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. फेब्रुवारीत वेढा बसला.

सिव्हिलची असल्यामुळे मला यातला सुरुंगांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा जाड तटाला नुसत्या तोफांनी लवकर खिंडार पडत नाही. म्हणून मराठ्यांनी वाळूत चर खणत खणत तटापर्यंत मजल मारली आणि बुरुजांच्या पायाखाली सुरुंग पेरले. वरून गोळे, पेटते पदार्थ, दगड. खणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काय येईल सांगता येत नव्हतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडाले. काही उडाले, एक राहिला. खिंडार दिसताच माणसं आत घुसली आणि तो राहिलेला सुरुंग नेमका तेव्हा उडाला, आपल्याच माणसांसकट. आमच्याकडे लॅबमध्ये फ्यूज चुकला तर जर्नलमध्ये कारण लिहून सुटका होते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झालाच. आप्पांनी म्हणे सरदारांना सांगितलं होतं, की किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तोफेत घालून आत फेका, देह तरी वसईत पोचेल. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

आतली अवस्थाही तशीच. दारूगोळा संपत आलेला, अन्न कमी, सेनापती सिल्वेरा द मेनेझिश मारला गेलेला. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली तर त्यांनी १५,००० रुपये दिले, तेसुद्धा चर्चची चांदी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून! शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली असताना सोनं गहाण घेणारे लोक. आणि जुलैत त्याच इंग्रजांनी पेशव्यांशी तह करून टाकला.

१६ मे १७३९ ला काएतानो द सोझा परेराने शरणपत्रावर सही केली. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून ५,००० च्या वर होते. पोर्तुगीज हा आकडा खूपच मोठा सांगतात. ब्रह्मेंद्रस्वामींना पत्र लिहिताना आप्पांनी या झुंजीचं आणि आपल्या माणसांच्या नुकसानीचं वर्णन केलं आहे. विजयाच्या पत्रात आपलं नुकसान सांगणारे किती असतात?

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या शरणपत्रात सापडलं. इतकी माणसं गेल्यावर जिंकणारा सूड घेणार, हीच तेव्हाची रीत. नादिरशहाने त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली होती. इथे मात्र आठ दिवसांची मुदत मिळाली. सैन्याने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावं, ज्यांना जायचं त्यांनी बायकामुलं आणि सामान घेऊन जावं. जे राहतील त्यांचा धर्म त्यांच्याकडे. चर्चेस मात्र पाचच ठेवायची ठरली: तीन वसईत, एक आसपासच्या मुलखात, एक साष्टीत.

गलबतं भरून गेले ते फिदाल्गो, मोठे पाद्री, पैसेवाले. आमच्यासारखे कोळी आणि वाडीवाले कुठे जाणार? जाळी इथे, शेतं इथे. ते राहिले. थोड्याशा देशी पाद्रींच्या जिवावर त्यांनी आपला धर्म सांभाळला. मला आधी वाटायचं की १७३९ मध्ये आमचे लोक हरले. पण हरलेले लोक तर गलबतात बसून गेले. आणि आमचे जिंकले असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. चर्चेसचे जे पडके सांगाडे किल्ल्यात उभे आहेत, तिथे आमच्याच लोकांचे बाप्तिस्मे झाले होते. छपरं गेली, घंटा गेल्या. कुठली नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, कुठली भीमाशंकरला, कुठली वाईजवळ मेणवलीला. वसईचं नावही काही काळ बाजीपूर झालं होतं. नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं गेलं, तिथे आमच्या गल्लीतलेही काही जण गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायला जातात, पण ते सोडा.

आप्पांना विजय फार दिवस भोगता आला नाही. पुण्याला परतल्यावर घरात मस्तानीचं प्रकरण पेटलेलं. मस्तानीला कैदेत ठेवलं त्यात पुतण्या नानासाहेबांबरोबर आप्पाही होते. ज्या भावासाठी जन्मभर राबले त्याच्याच मनाविरुद्ध. शत्रूच्या बायकामुलांना सुखरूप जाऊ देणाऱ्या माणसाने घरातल्या एका बाईला मात्र मोकळं राहू दिलं नाही, हे मला पटत नाही आणि पुतळ्याकडे बघताना ते आठवतं. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले. नानासाहेबांना पेशवेपद मिळेपर्यंत आप्पा उभे राहिले आणि १७ डिसेंबर १७४० ला त्यांनीही डोळे मिटले. वय जेमतेम तेहतीस. दुसरी बायको अन्नपूर्णाबाई सती गेली.

आमचा पुतळा त्या मानाने अलीकडचा आहे. मे महिन्यात विजय दिनाला तिथे हार पडतात, भाषणं होतात. फेब्रुवारीत त्याच किल्ल्यातल्या चर्चमध्ये गोन्सालो गार्सियाचा सण होतो. २०२४ पासून भाईंदरची रो-रो सुरू झाल्यापासून किल्ल्यातली वर्दळ वाढली आहे. भाषणांत तहातल्या अटींबद्दल कुणी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही, आणि सणाच्या वेळी गंगाजी नाईकांबद्दलही नाही.

गेल्या सुट्टीत रूममेट पाचूबंदरला आली होती. बोंबलाच्या वलांड्या बघून आधी नाक दाबलं आणि दुपारी तेच बोंबील चार खाल्ले. संध्याकाळी आम्ही चालत पुतळ्यापर्यंत गेलो. तिने तहातल्या अटी माझ्याकडून दोनदा ऐकून घेतल्या. पुढे ती घरच्यांबरोबर मेणवलीला गेली तेव्हा घाटावरच्या घंटेचा फोटो पाठवला. घंटेवर बाळाला घेतलेली मारिया आणि १७०७ साल. मी तो आजीला दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, क्रूसाची खूण केली आणि विचारलं, वाजते का अजून?

मी रूममेटला विचारलं. ती म्हणाली, वाजते.