सैनिकांच्या वेदना मोजणारा डॉक्टर : हेन्री बीचर

एमआरआयमध्ये फारसे काही सापडत नाही, आणि तरी तुमची आई कंबरदुखीने रात्र रात्र जागते. अशा वेळी घरातले कोणीतरी हळूच सांगते, की हे सगळे तिच्या मनाचे आहे. पुढे एखाद्या साध्या व्हिटॅमिनच्या गोळीने तिला बरे वाटले, तर मग तिला काही झालेच नव्हते यावर घरात शिक्कामोर्तब होते. माझ्या दवाखान्यात मी हे नेहमी ऐकतो. त्यात चूक कुठे होते हे समजण्यासाठी हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरची ओळख करून घ्या.

त्यांचा जन्म १९०४ मध्ये कॅन्सस राज्यात झाला. जन्माचे नाव हॅरी उनांगस्ट. तरुणपणी त्यांनी ते बदलून बीचर हे आडनाव घेतले. अमेरिकेत बीचर घराणे मोठे नामवंत, पण त्या घराण्याशी यांचे नाते काहीच नव्हते! आधी रसायनशास्त्र शिकून ते हार्वर्डला आले आणि १९३२ मध्ये डॉक्टर झाले. शिक्षण सर्जरीचे घेतले, पण १९३६ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडे भूल विभागाची जबाबदारी आली. याच हॉस्पिटलात १८४६ मध्ये रुग्णाला ईथर हुंगवून सर्वांसमक्ष ऑपरेशन झाले होते. तेव्हा वेदना थांबवणे हा तिथला जुनाच विषय होता.

दुसऱ्या महायुद्धात बीचर अमेरिकन सैन्याबरोबर उत्तर आफ्रिकेत आणि नंतर इटलीत गेले. आघाडीजवळच्या हॉस्पिटलांत जखमींची रीघ लागलेली असे. कोणाचे हाड मोडून बाहेर आलेले, कोणाच्या छातीत किंवा पोटात गोळी शिरलेली. इतक्या मोठ्या जखमा आणि आरडाओरडा मात्र थोडा, हे बीचर यांना खटकले. मग त्यांनी शुद्धीवर असलेल्या २१५ गंभीर जखमींना नीट विचारले, की किती दुखते आहे आणि दुखणे थांबवायला औषध हवे का. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी औषध नको म्हणून सांगितले.

ते धक्क्याने बधिर झाले असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. पोटात गोळी असूनही तक्रार न करणारा जवान कोणी शीर शोधताना सुई नीट टोचली नाही तर तुमच्याआमच्यासारखाच वैतागत असे. म्हणजे नसा शाबूत होत्या, वेदना जाणवण्याची शक्तीही शाबूत होती. फक्त त्या मोठ्या जखमेची वेदना पुढे येत नव्हती.

बोस्टनला परतल्यावर बीचर यांनी ऑपरेशन झालेल्या साध्या नागरिकांकडे पाहिले. सर्जनने केलेली जखम युद्धातल्या जखमेपेक्षा लहान आणि स्वच्छ असते. तरीही १९५६ मध्ये त्यांनी छापलेल्या तुलनेत वेदनाशामक मागणारे सैनिक ३२ टक्के होते, तर नागरिक ८३ टक्के. बीचर यांनी याचा अर्थ असा लावला: सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका, जीव वाचला, आता घरी जायचे. नागरिकासाठी तेच ऑपरेशन म्हणजे संकट. नोकरीचे काय, मुलांचे काय, आत आणखी काय निघेल ही धास्ती. त्यांच्या मते वेदना किती होते हे जखमेच्या आकारावर थोडे आणि जखमेच्या अर्थावर बरेच ठरते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अपघातानंतर माणूस काही दुखत नाही म्हणाला, तरी त्याला हॉस्पिटलात न्या. वेदना कमी म्हणजे इजा कमी, असा हिशोब शरीरात नसतो.

१९५५ मध्ये बीचर यांनी १५ अभ्यास एकत्र करून मांडले, की औषध नसलेल्या नुसत्या गोळीने, म्हणजे प्लासिबोने, सुमारे ३५ टक्के रुग्णांना आराम पडतो. हा आकडा आजही सर्रास सांगितला जातो. माझ्या मते तो जपूनच वापरावा. आपली पुष्कळ दुखणी काही न करताही कमी होतात, आणि गोळी न घेतलेल्यांशी तुलना केल्याशिवाय श्रेय गोळीचे की काळाचे हे कळत नाही. तशी तुलना पुढे झाली तेव्हा प्लासिबोचा परिणाम बराच लहान निघाला. मात्र ज्या थोड्या तक्रारींत काही फरक दिसला, त्यांत वेदना होती.

माणूस म्हणून बीचर सरळ रेषेतले नव्हते. १९५०च्या दशकात सैन्याच्या पैशातून त्यांनी एलएसडीवर प्रयोग केले. त्याच बीचर यांनी १९६६ मध्ये रुग्णांना न सांगता त्यांच्यावर केलेल्या प्रयोगांची २२ उदाहरणे जगासमोर आणली. एका ठिकाणी वृद्ध रुग्णांना जिवंत कर्करोगपेशी टोचल्या होत्या आणि त्या कसल्या आहेत हे त्यांना सांगितले नव्हते. सहकारी डॉक्टर चिडले. पण आज कुठल्याही औषधचाचणीआधी तुमच्याकडून समजावून संमती घेतली जाते, त्यामागे या लेखाचाही हात आहे.

१९७६ मध्ये बीचर वारले. त्यांच्या निरीक्षणामागची यंत्रणा तेव्हा नुकतीच उलगडू लागली होती. जखमेकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतून वर मेंदूकडे जातो, हे आपल्याला ठाऊक असते. पण मेंदूही खाली निरोप पाठवतो. मध्यमेंदूतून निघालेले हे मज्जातंतू मज्जारज्जूपाशी येणारा संदेश दाबू किंवा वाढवू शकतात, आणि त्यासाठी मेंदू स्वतःच तयार केलेली मॉर्फिनसारखी द्रव्ये वापरतो. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना मॉर्फिनचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन दिले, तर त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. प्लासिबोने मिळालेला आराम खोटा असता, तर नॅलोक्सोनने फरक पडायचे कारणच नव्हते. तेव्हा आईला साध्या गोळीने बरे वाटले, म्हणून तिची कंबर दुखत नव्हती असे ठरत नाही. दुखत होती, आणि मेंदूने ते दुखणे खरोखर कमी केले.

याचा अर्थ तिला औषध सांगून गुपचूप साखरेची गोळी द्यावी, असा नाही. एकदा फसवणूक उघडी पडली की पुढच्या खऱ्या गोळीवरचाही विश्वास जातो. शिवाय प्लासिबोने दुखणे कमी झाले तरी मोडलेले हाड जुळत नाही आणि गाठ विरघळत नाही.

खऱ्या औषधाला मात्र मेंदूची साथ मिळवता येते. ऑपरेशननंतर वेदनाशामक रुग्णाच्या नकळत यंत्राने सोडले, तर समोर उभे राहून सांगून दिलेल्या औषधाइतका आराम मिळायला जास्त डोस लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून वॉर्डात नर्स तुमच्या माणसाला इंजेक्शन द्यायला येईल, तेव्हा ते कशाचे आहे आणि किती वेळात गुण येईल हे जरूर विचारा. आणि उत्तर त्यालाही ऐकू जाऊ द्या.