स्तोत्रांचे आचरण : पंडिता रमाबाई

अनाथ व विधवा यांचा कैवार घेणारा ईश्वर बायबलमधील स्तोत्रसंहितेत भेटतो. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ही श्रद्धा आचरणात कशी आणली, ते पाहा. दुष्काळाच्या काळात त्यांनी आईवडील गमावले. पुढे वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांना त्यांनी केडगावी आश्रय दिला. अशा अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. छपाईतही मुक्तिसदनातील स्त्रियांचे हात राबले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी भाषांतराचे व्रत त्यांनी सोडले नाही. ज्यांचे दुःख स्तोत्रांत आहे, त्यांच्याच भाषेत ती त्यांनी आणली, हे आपण ध्यानात ठेवावे.