पावलोव्ह सगळ्या कुत्र्यांसाठी एकच नियम शोधत होता, पण प्रत्येक कुत्र्याचा मेंदू वेगळा निघाला

दिवाळीत नाशिकच्या अंबडमध्ये फटाक्यांची लड लागली की गल्लीतली कुत्री सैरावैरा पळतात. पण एखादं पायरीवर निवांत पडून राहतं, तर एखादं पलंगाखाली शिरतं ते सकाळपर्यंत बाहेरच येत नाही. आवाज तोच, कुत्री वेगळी. घाबरणाऱ्याला मग घरचेच येडं ठरवून मोकळे होतात.

ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या माणसाचा मेंदू बिघडलेला नसतो, तो वेगळ्या पद्धतीने चालतो, हा विचार १९९० च्या दशकात पुढे आला. त्यातूनच न्यूरोडायव्हर्स हा शब्द रुळला. मग प्राणीही न्यूरोडायव्हर्स असतात का?

हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी एक माणूस या प्रश्नाच्या अगदी जवळ पोचला होता. इव्हान पावलोव्ह. शाळेच्या पुस्तकात घंटा वाजली की कुत्र्याची लाळ गळते, एवढ्यावरच ज्याची गोष्ट संपते, तोच हा.

१८४९ मध्ये रशियातल्या रियाझान गावात एका धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे त्याची शाळा उशिरा सुरू झाली. पोरगं वडिलांसारखं धर्मगुरू होणार असं ठरलेलं असताना तो १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्गला विज्ञान शिकायला गेला. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी १९०४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला रशियन.

पुढे त्याने मेंदूकडे मोर्चा वळवला. संकेत दिला, खाऊ दिला, लाळेचे थेंब मोजले. या मोजमापातून सगळ्या कुत्र्यांना लागू होणारा नियम त्याला हवा होता.

पण कुत्री ऐकेनात. कुणी पटकन शिकायचं, कुणाला महिने लागायचे. एका कुत्र्याला तर पट्ट्यात बांधून उभं राहणंच सहन होत नव्हतं.

१९१४ च्या सुमारास प्रयोगशाळेत एक विचित्र प्रकार घडला. वर्तुळ दिसलं की खाऊ, लंबगोल दिसला की काही नाही, हे एका कुत्र्याला शिकवलेलं होतं. मग तो लंबगोल हळूहळू गोल करत नेला. दोन्हींतला फरक जवळजवळ संपला, तेव्हा एरवी शांत असलेलं कुत्रं विव्हळायला आणि उपकरणं चावायला लागलं. आधी सहज ओळखता येणारा फरकही त्याला ओळखता येईना.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरलं आणि कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावं लागलं. त्यानंतर काही कुत्री शिकलेलं सगळं विसरली. त्यातल्या एकाला नंतर दाराखालून पाण्याची बारीक धार आलेली दिसली, तरी ते पुन्हा कोलमडायचं. पण त्याच पुरातून वाचलेली बाकीची कुत्री पूर्वीसारखीच राहिली.

पावलोव्हने यातून काढलेला अर्थ असा: प्रत्येक कुत्र्याच्या मज्जासंस्थेची ताकद, तोल आणि बदल पचवण्याची क्षमता वेगवेगळी असते. एकाला पेलवणारा ताण दुसऱ्याला मोडून टाकतो.

या ज्ञानाची किंमत मात्र कुत्र्यांनी मोजली. शस्त्रक्रिया झाल्या, पोटाला कायमची छिद्रं पाडली गेली, जीवही गेले. १९३५ मध्ये त्याच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, ८६ वर्षांचा पावलोव्ह वारला.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? कुत्र्याला ऑटिझम आहे, असं ठामपणे सांगणारी चाचणी आज नाही. न्यूरोडायव्हर्स हा शब्दही माणसांसाठीच तयार झाला. पण मेंदूतला उपजत फरक प्राण्यांतही असतो. काही डॉबरमन कुत्री स्वतःची कूस तासन् तास चोखत बसतात. त्यामागे जनुकांचाही हात असल्याचं २०१० मध्ये एका संशोधनात दिसलं.

आणि पावलोव्हच्या प्रयोगशाळेने दुसरी बाजूही दाखवली. ते वर्तुळवालं कुत्रं जन्मापासून तसं नव्हतं, परिस्थितीने त्याला तसं केलं होतं. म्हणून कुत्रं अचानक बदललं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. दुखणं असेल, भीती असेल. आणि स्वभावच तसा असेल, तर त्याला मारून तो बदलत नाही.

पलंगाखाली शिरलेल्या त्या कुत्र्याला ओढून बाहेर काढायची गरज नसते. खिडकी बंद करावी, पाण्याचं भांडं जवळ ठेवावं आणि ते येईल तेव्हा येऊ द्यावं.