सुमंत मुळगावकर: ट्रकच्या आधी माळरान तयार करणारे इंजिनिअर

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत पिकअप गाडीचे वेड नवे नाही. बैलजोडीची पारख करावी तशी आपल्याकडे गाडीची पारख होते: पाटे किती, चढाला दम कसा, हौदा किती लांब. यात ‘चारशेसात’चे नाव अजून आदराने घेतले जाते. ती गाडी ज्यांच्या कारकिर्दीत बनली, त्या सुमंत मुळगावकरांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

मुळगावकरांचा जन्म १९०६ साली मुंबईत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून ते परतले आणि सिमेंट उद्योगात शिरले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली, तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री देशातच बनवण्याच्या कामात ते पुढे होते. बाहेरून मिळेल या भरवशावर बसायचे नाही, हे तेव्हापासून त्यांच्या अंगात भिनलेले दिसते.

१९४९ साली जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणले. जमशेदपूरची ही कंपनी त्या वेळी रेल्वेची वाफेची इंजिने बनवत होती. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि ट्रक तयार होऊ लागले. पुढे तारा लावलेला तो ट्रक जुन्या मंडळींच्या तोंडी बरीच वर्षे ‘मर्सिडीज’ म्हणूनच होता. १९६९ साली करार संपला, ताऱ्याच्या जागी ‘टी’ हे अक्षर आले आणि ट्रक चालूच राहिले. करार संपेपर्यंत सुटे भाग आणि कारागीर दोन्ही इथेच तयार झाले होते.

पुण्याचा कारखाना हा त्यांच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वांत मोठा भाग. पिंपरी-चिंचवडच्या माळावर १९६६ साली काम सुरू झाले, पण पुण्यातून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले १९७७ साली. मधली अकरा वर्षे काय केले? झाडे लावली, पाण्यासाठी तळे केले, मुलांना हत्यार धरायला शिकवणारा प्रशिक्षण विभाग उभा केला, यंत्रे बनवणारी यंत्रे बनवली आणि संशोधन केंद्र काढले. मुरमाड माळावर झाड जगवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. खड्डा उन्हाळ्यात तापवायचा, गाळमाती भरायची, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी तुटू द्यायचे नाही. उत्पन्न शून्य असताना हा खर्च करायचा म्हणजे कंपनीतल्या हिशेबनीसांना घाम फुटला असणार. मुळगावकरांनी तो केला. निसर्गाची आणि छायाचित्रणाची त्यांना आवड होती, त्याचाही त्यात वाटा असावा.

त्या तयारीची कसोटी १९८०च्या दशकात लागली. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह छोटे ट्रक घेऊन आल्या. गाड्या चांगल्या होत्या. टेल्कोकडे तोवर छोटा ट्रकच नव्हता. पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या इंजिनिअरांनी परदेशी भागीदाराशिवाय तो बनवला आणि १९८६ साली ४०७ रस्त्यावर आली. त्याच सुमारास जपानी येन वधारला, आयात भाग महागले. ४०७चा भाग तालुक्याच्या गॅरेजात मिळायचा आणि गावचा मिस्त्री ती खोलू शकायचा. पहिल्या काही वर्षांतच तिने जपानी गाड्यांना मागे टाकले.

आपल्या भागाला याचा काय उपयोग झाला? तोरण्याच्या पायथ्याला, भाटघर किंवा नीरा-देवघरच्या काठावर दहा टनी ट्रक भरेल एवढा माल एका शेतकऱ्याकडे नसतो. गुंठ्यांची खाचरे, वीस-तीस क्रेट भाजी, दोन-चार कॅन दूध. पूर्वी हा माल डोक्यावरून सडकेला यायचा आणि एसटीच्या टपावर चढायचा. गुलटेकडीला पोहोचेपर्यंत भाव पडलेला असायचा. अडीच टनांच्या आसपास माल घेणारी, अरुंद रस्त्यावर वळणारी गाडी आल्यावर चार-पाच जण मिळून ती भरू लागले आणि पहाटेच्या बाजाराला पोहोचू लागले. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण आला. घरापुरता भात पिकवणाऱ्यांकडे विकायला तांदूळ उरू लागला, त्यालाही हीच गाडी कामी आली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चारशेसात जास्त माल सहन करते म्हणून तो लादावा असे नाही. गाडीचे पाटे टिकतात, खालच्या क्रेटमधला टोमॅटो टिकत नाही. क्रेट काठोकाठ भरू नका, थरांमध्ये हवा खेळू द्या आणि दुपारच्या उन्हात भरलेली गाडी उभी ठेवू नका.

पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्याची दुसरी बाजूही आहे. भोर-वेल्ह्यातली आयटीआय झालेली मुले तिकडे गेली. त्यांच्या पगारातून कुणाची विहीर झाली, कुणाची पाइपलाइन, कुणाच्या दारात पिकअप आली. पण आषाढात लावणीला माणसे मिळेनात. आज अनेक खाचरे वयस्कर आई-वडील सांभाळत आहेत, काही पडीक आहेत. याचा दोष मुळगावकरांना देता येणार नाही, पण त्यांच्या कामाचा हिशेब मांडताना हा आकडा सोडूनही चालणार नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी भात लावणी यंत्राचे प्रात्यक्षिक घेताना गावात लावणीला कोण उरले आहे हे आधी पाहावे. अवजार त्यांच्या हाताला झेपले पाहिजे.

१९८८ साली मुळगावकरांनी टेल्कोचे अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवले. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, त्यांचे निधन झाले. १९९० साली पद्मभूषण किताबाच्या यादीत त्यांचे नाव होते. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी देशात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली, त्यांना १९६३ सालीच पद्मश्री मिळाली होती.

त्यांच्या अखेरच्या काळात टेल्कोने पिकअप बनवायला घेतली. टाटामोबाइल नावाची ती गाडी आजच्या पिकअपची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. १९९४ साली आलेल्या जीपवजा गाडीला कंपनीने सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरमधला ‘मो’ घेऊन नाव दिले. वऱ्हाड असो, वडाप असो वा दवाखान्याची घाई, भोरपासून वरंधा घाटापर्यंत सुमो वर्षानुवर्षे धावली.