कै. वामनराव सरदेसाई : गोमंतकाच्या मुक्तीचा अदृश्य निवेदक

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात ती चौकट किंचित बाजूस ठेवली आहे. ज्यांचे कार्य कोणत्याही एका ज्ञातीला आपल्यापुरते राखता येणार नाही, आणि ज्यांच्या ऋणातून बांदे गाव व त्याचा परिसर तर कधीच मुक्त होऊ शकणार नाही, अशा कै. वामनराव सरदेसाई यांचे येथे स्मरण करावयाचे आहे.

१९५५ साल हे मराठी श्रोत्यांच्या कायमचे स्मरणात राहिलेले साल. त्या वर्षीच्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचा आरंभ झाला आणि पुढे वर्षभर शुक्रवारची सकाळ उजाडली, की घरोघरी माणसे रेडिओभोवती हात जोडून बसू लागली. त्या गीतांना चाली देणारे सुधीर फडके आदल्याच वर्षी दादरा व नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरले होते. याच संग्रामात पोर्तुगीजांकडून बिनतारी संदेशाची दोन यंत्रे मुक्तिसैनिकांच्या हाती लागली. या यंत्रांतून जो आवाज पुढे निघाला, त्याची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या नाना प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही बांद्यावरून पत्रादेवीच्या सीमेकडे निघाले. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पंजाबचा तरुण शिक्षक कर्नेलसिंग तेथेच धारातीर्थी पडला, मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय ध्वज हाती असता जखमी झाल्या, आणि त्याच दिवशी गोमंतकाच्या सीमेवर अन्यत्रही अनेकांनी प्राण अर्पिले. त्यानंतर सामुदायिक सत्याग्रह थांबला, सीमा बंद झाली. बांद्याहून पेडण्यास सोयरिकी करणारी, देवदर्शनास जाणारी कुटुंबे दोन राज्यांत विभागली गेली. आत वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते आणि सालाझारशाहीच्या विरुद्ध उघड बोलण्याची सोय नव्हती. माणसाला अडविता येते. आवाजाला सीमेवर अडविता येत नाही, हे ज्या मोजक्या तरुणांनी ओळखले, त्यांत वामनराव सरदेसाई व श्रीमती लिबिया लोबो यांची गणना होते.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या घनदाट अरण्यातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे भूमिगत केंद्र बोलू लागले. नगरहवेलीत हाती आलेल्या त्या यंत्रांचे प्रक्षेपकात रूपांतर करून ते एका मालमोटारीवर बसविले होते. कोकणी व पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून कार्यक्रम होत असत. कोकणी घराघरांतील जनतेसाठी होती. पोर्तुगीज शिकलेल्या वर्गासाठी होती, आणि सत्ताधाऱ्यांनाही त्यांच्याच भाषेत उत्तर मिळावे, हा हेतू तीत उघड होता. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या रानात हलविण्यात आले. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना त्या वनवासाची कल्पना सांगावी लागणार नाही. श्वापदे, सर्प आणि संपूर्ण एकांत यांच्या सोबतीने जवळजवळ सहा वर्षे त्यांनी हे व्रत चालविले.

नभोवाणीवरील निवेदकाला सहसा कीर्ती लाभते. त्याचे नाव घरोघरी पोचते. वामनरावांच्या निवेदनाचा धर्म याच्या नेमका उलट होता. आवाज सर्वांना ऐकू जावा, पण आवाजाचा धनी कोणासही दिसू नये, हीच त्याची अट. विरुद्ध पक्षाची नभोवाणी ऐकावयाची, तिच्या प्रचाराचे खंडन तयार करावयाचे, भारतातील व जगातील वर्तमान निवडावयाचे आणि ठरल्या वेळी ते बोलावयाचे, हा नित्यक्रम. एक दिवस केंद्र मुके राहिले, तर ते पकडले गेले अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात यावयाची. एक बातमी खोटी ठरली, तर धाक सोसून ऐकणारा श्रोता कायमचा दुरावायचा. नियमितपणा आणि सत्य हीच त्यांची दोन शस्त्रे होती.

गोवा हा आपलाच सागरापलीकडील प्रांत आहे, असे लिस्बन जगाला सांगत होते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह सर्व पोर्तुगीज वसाहतींना स्वयंशासित नसलेले प्रदेश ठरविले. लगोलग १९६१ च्या आरंभी अंगोलात उठावाचा वणवा पेटला. गोमंतकाचा प्रश्न हा केवळ एका किनारपट्टीचा नसून आफ्रिकेतील कोट्यवधी जनतेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे आता जगाला दिसू लागले.

डिसेंबर १९६१ च्या मध्यास संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी या केंद्रामार्फत पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला शरण येण्याचे आवाहन करविले. रक्तपात टळावा म्हणून ते वारंवार प्रक्षेपित झाले, पण व्यर्थ. अखेर भारतीय सेना आत शिरली आणि १९ डिसेंबर रोजी ४५१ वर्षांची सत्ता संपली. त्या दिवशी वामनराव व लिबियाबाई यांना भारतीय वायुदलाच्या विमानातून गोव्यावर नेण्यात आले. रानात लपून बोललेला आवाज आता ध्वनिक्षेपकातून उघड्या आकाशातून मुक्तीची वार्ता देऊ लागला. भूमिगत केंद्राचे कार्य तेथे पूर्ण झाले.

पुढे उभयतांनी विवाह केला. लिबियाबाई मुक्त गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. वामनराव अंगोलात भारताचे राजदूत म्हणून गेले. ज्या साम्राज्याविरुद्ध त्यांनी सह्याद्रीच्या रानातून आवाज उठविला, त्याच साम्राज्याच्या जोखडातून १९७५ साली सुटलेल्या देशात ते भारताचे प्रतिनिधी झाले. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९४ साली ते निवर्तले. लिबियाबाईंना हाच सन्मान २०२५ साली, वयाच्या शंभरीला टेकताना, लाभला.

पत्रादेवीस हुतात्म्यांचे स्मारक आहे. येता-जाता आपण तेथे मस्तक नमवितो. आवाजाला मात्र स्मारक नसते. आंबोलीस धबधबा पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीला त्या रानाने सांभाळलेले हे गुपित ठाऊक नसते. आवाज उरतो तो ऐकणाऱ्याच्या स्मृतीत, आणि ऐकणारी ती पिढी आता अस्तास चालली आहे. म्हणून आपल्या संस्थेस नम्र विनंती अशी, की सीमेच्या अलीकडे वा पलीकडे ज्या वृद्धांनी तो आवाज ऐकला असेल, त्यांच्याकडे आपल्या तरुणांनी जावे, त्यांची ज्ञाती न विचारता आठवणी टिपून घ्याव्यात आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांना स्थान द्यावे. नाव लपवून ज्याने देशकार्य केले, त्याचे नाव जपणे हे आपले कर्तव्य आहे.