पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती आणि रेबीजची लस शोधणारा लुई पाश्चर

बुलडाणा जिल्ह्यातलं उंद्री असो की विदर्भातलं दुसरं कुठलंही गाव, कुत्रा चावला म्हटलं की घरातलं एखादं मोठं माणूस आकडा सांगतंच. चौदा! चौदा इंजेक्शनं, तीही पोटात. खरं तर ती इंजेक्शनं बंद होऊन वीस वर्षं झाली. भीती मात्र राहिली. त्या भीतीपायी आजही काही जण दवाखान्याआधी झाडपाल्याकडे वळतात.

ही इंजेक्शनं आली कुठून? आणि कुत्रा चावून गेल्यावर दिलेली लस काम कशी करते? हे समजून घ्यायचं तर लुई पाश्चर यांची गोष्ट माहिती हवी.

लोहाराकडची ती रांग

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील चामडं कमावायचे. पुढे हे कुटुंब आर्बवा या छोट्या गावात राहायला गेलं. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या भागात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि दिसेल त्याला चावत सुटला. तेव्हा उपाय एकच होता, जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग. चावलेली माणसं लोहाराकडे नेली जात होती आणि आठ वर्षांचा लुई ते बघत होता. डाग देऊनही त्या परिसरात आठ जण दगावले.

आपल्याकडेही डागणी देण्याची पद्धत होतीच. म्हणजे रेबीजसमोर तेव्हा फ्रान्सचं खेडं आणि वऱ्हाडातलं खेडं सारखंच हतबल होतं.

डॉक्टर नसलेला संशोधक

पाश्चर शिकले रसायनशास्त्र. दारू आणि दूध आंबतं ते सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यांनी दाखवून दिलं. दुधाच्या पिशवीवर आपण ‘पाश्चराइज्ड’ वाचतो, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला. या काळात घरात मात्र एकामागून एक आघात होत होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तरी काम थांबलं नाही. कोंबड्यांचा कॉलरा आणि गुरांचा अँथ्रॅक्स यांवरच्या लसी त्यांनी त्यानंतरच तयार केल्या.

१८८० च्या सुमारास ते रेबीजकडे वळले. अडचण अशी की हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नव्हता. रेबीजचा विषाणू त्या काळच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचा होता. मग पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी तो सशांच्या शरीरात वाढवला. मेलेल्या सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काढून ते कोरड्या हवेत टांगून ठेवायचे. जितके जास्त दिवस वाळवावं, तितका त्यातला जंतू कमजोर व्हायचा.

खरी मेख पुढे आहे. कुत्रा चावल्याबरोबर रेबीज होत नाही. विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला बहुतेक वेळा काही आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात शरीराला लढायला शिकवता आलं तर माणूस वाचू शकतो. विषाणू न बघताच पाश्चर यांनी ही मधली मुदत हेरली.

६ जुलै १८८५

त्या दिवशी अल्सास भागातली एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसमध्ये पोहोचली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावलं होतं. पाश्चर डॉक्टर नसल्याने सुई टोचायचा अधिकार त्यांना नव्हता. ते काम डॉ. ग्रँशे यांनी केलं. दहा-अकरा दिवसांत १३ इंजेक्शनं दिली गेली. पहिलं सर्वांत कमजोर जंतूचं, शेवटचं जिवंत, जहाल जंतूचं. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर इन्स्टिट्यूटचाच रखवालदार झाला.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. एमिल रू या उपचारात सामील झाले नव्हते. पाश्चर यांच्या खासगी वह्या बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांना मिळाल्या. जोसेफवर वापरलेल्या पद्धतीची कुत्र्यांवरची चाचणी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, हे त्यांतून दिसलं. पाश्चर यांनी जगाला मात्र चित्र पक्कं करून सांगितलं होतं. आज असं करायला कुणालाही परवानगी मिळणार नाही.

त्याच वर्षी लुईझ पेल्तिए ही दहा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली, पण चावून ३७ दिवस झाल्यावर. उशीर झालाय हे दिसत असूनही पाश्चर यांनी उपचार केले. ती वाचली नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचं निधन झालं. म्हणूनच २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन.

मग चौदा इंजेक्शनं कुठून आली?

१९०० मध्ये हिमाचलातल्या कसौलीत भारतातली पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून, जंतू मारून, लस बनवली. स्वस्त आणि सोपी म्हणून ती देशभर चालली. पोटातली इंजेक्शनं ती हीच. पण मेंदूचा अंश असल्याने काहींना तिचा गंभीर त्रास व्हायचा. २००४ च्या अखेरीस भारताने तिचं उत्पादन थांबवलं.

आज कुत्रा चावला तर

- जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आताची लस दंडात देतात. ठरलेल्या तारखांना चार किंवा पाच वेळा जावं लागतं. एकही तारीख चुकवू नका.
- जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारा. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेच शरीराला आधार देतं.

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर आजही जवळजवळ कुणी वाचत नाही. जोसेफची आई दोन दिवसांत पॅरिसला पोहोचली होती, लुईझला पोहोचायला ३७ दिवस लागले. लस दोघांनाही मिळाली होती. वेळ फक्त जोसेफच्या हाती होता.